मुलास कोणत्या शाळेंत घालावें?

उन्हाळा सरत आला म्हणजे आमच्या नागपूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून एकच प्रश्न पुनः पुनः कानीं येतो. मुलास गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत ठेवावें, कीं तालुक्याच्या ठिकाणच्या खाजगी शाळेंत घालावें? विदर्भांत उन्हाच्या तडाख्यामुळें शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. नेमक्या त्याच दिवसांत शेतकऱ्यास बियाणें व खत घ्यावयाचें असतें, आणि हातांत पैसा नसतो. कपाशीची वेचणी दिवाळीच्या आगेंमागें, संत्र्याचा आंबिया बहार त्याहूनही पुढें; फी मात्र जूनमध्यें. म्हणून हा प्रश्न नुसता शाळेचा राहत नाहीं, तो घरच्या चुलीपर्यंत येऊन पोहोंचतो. ह्या पाठांत त्याचा थोडा सविस्तर विचार करूं.

आधीं नांवांचा घोळ काढून टाकला पाहिजे. शाळा दोन प्रकारच्या नसून निदान तीन प्रकारच्या आहेत. पहिली शाळा जिल्हा परिषदेची, नगरपरिषदेची किंवा महानगरपालिकेची. तिचा सर्व कारभार सार्वजनिक. दुसरी शाळा एखाद्या खाजगी संस्थेची असते, पण तिच्या शिक्षकांचा पगार सरकार देतें. हिला अनुदानित म्हणतात. आपल्या भागांतील पुष्कळ जुनीं मराठी हायस्कुलें ह्याच जातीचीं आहेत. तिसरी विनाअनुदानित, तींतच २०१२ च्या कायद्याखालीं निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा धराव्या. तिचा सगळा खर्च आईबापांच्या खिशांतून चालतो. आपण 'खाजगी' म्हणतों तेव्हां आपल्या मनांत बहुधा ही तिसरीच असते, आणि दुसरीचा आपणांस विसर पडतो. गांवच्या शाळेंतून सातवी उतरलेलें मूल जवळच्या अनुदानित हायस्कुलांत थोडक्या खर्चांत दहावीपर्यंत जाऊं शकतें. ही वाट पुष्कळ घरांस ठाऊक असून ती वाट म्हणून मोजली जात नाहीं.

आमच्या विदर्भांत तर ह्या तिसऱ्या प्रकारच्या शाळेस सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कॉन्व्हेंट म्हणजे मठवासिनी भगिनींचा निवास. परंतु ज्या इमारतींवर हा शब्द रंगविलेला दिसतो, त्यांपैकीं कित्येकींच्या आवारांत अशी भगिनी कधीं पाऊलही टाकीत नाहीं. एखाद्या संताचें नांव, मुलाच्या गळ्यांत टाय, आणि दारापर्यंत येणारी पिवळी गाडी, इतक्यावर कॉन्व्हेंट उभें राहतें. आपल्या मंडळींतील कांहीं भोळ्या घरांस तें नांव वाचून शाळा आपल्याच लोकांची आहे असेंही वाटतें. पाटीवरील नांवावरून शिकविण्याची पारख होत नाहीं, मग ती पाटी कोणाचीही असो.

आतां थोडें मागें पाहूं. कारण ह्या बाबतींत आपणां ख्रिस्ती लोकांचा इतिहास विसरण्याजोगा नाहीं. स्टीफन हिस्लॉप यांनीं १८४६ सालीं नागपुरांत शाळा उघडली, तेव्हां येथें भोसल्यांचें राज्य होतें. सर चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता पुढें १८५४ सालीं निघाला, आणि नागपूरचें राज्य खालसा झालें तेंही त्याच वर्षीं. प्रांतोप्रांतीं शिक्षणखातें असावें व चांगल्या खाजगी शाळांस सरकारनें अनुदान द्यावें, असें त्या खलित्यानें ठरविलें. आज ज्यास आपण अनुदान म्हणतों त्याचें मूळ तेथें आहे.

पण सरकारी शाळा निघाली म्हणून ती सर्वांची झाली नाहीं. १८५६ सालीं धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला, आणि तो नाकारण्यांत आला. एकासाठीं दार उघडलें तर बाकीचीं सर्व मुलें निघून जातील, अशी भीति मुंबई सरकारास पडली. सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या आहेत असें विलायतेहून १८५८ सालीं कळविण्यांत आलें खरें; तरी तो शब्द गांवच्या उंबऱ्यापर्यंत पोहोंचावयास पुढें कितीएक वर्षें गेलीं. जोतीराव फुले १८४१ पासून १८४७ पर्यंत पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. त्याच जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करून मागणी केली ती अशी: शेतकऱ्याच्या करांतून पैसा गोळा होतो, तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें व्हावें. स्वतः मिशनच्या खाजगी शाळेंत शिकलेल्या मनुष्यानें सर्वांसाठीं सार्वजनिक शाळा मागावी, ह्याचा आपण विचार करावा. पुढें ७ नोव्हेंबर १९०० रोजीं बाल भीमरावाचें नांव साताऱ्याच्या सरकारी शाळेंत दाखल झालें. तेथें त्याची बसण्याची जागा निराळी ठेवण्यांत आली, तरी अक्षर मिळालें. १९०७ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून ते मॅट्रिक झाले. तीही शाळा सरकारी.

त्या काळीं सरकारी दार जातीच्या अडसरानें बंद होतें, आणि मिशनचें खाजगी दार पुष्कळ ठिकाणीं उघडें होतें. आज सरकारी दार उघडें आहे. खाजगी दारास पैशाचा अडसर आहे. आपल्या आजोबांस ज्या दारानें आंत घेतलें, तें दार खाजगी होतें कीं सरकारी, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनें दुय्यम होता. तें दार आपणांसाठीं उघडें आहे कीं नाहीं आणि आंत गेल्यावर कांहीं शिकावयास मिळतें कीं नाहीं, एवढेंच त्यांनीं पाहिलें.

मग खाजगी शाळेंत अभ्यास अधिक चांगला होतो, हें जें सर्वत्र बोललें जातें, त्यांत खरें किती? 'प्रथम' ही संस्था २००५ सालापासून देशांतील खेड्यांत घरोघर जाऊन मुलांस वाचावयास लाविते, आणि 'असर' नांवाचा अहवाल काढिते. २०२४ च्या अहवालाप्रमाणें भारताच्या ग्रामीण भागांतील पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचूं शकणारीं मुलें सरकारी शाळांत शेंकडा सुमारें ४५, आणि खाजगी शाळांत शेंकडा सुमारें ५९ होतीं. अंतर लहान नाहीं. पण खाजगी शाळेंतील मूल बहुधा शिकलेल्या आईबापांच्या घरांतून येतें, त्यास शिकवणी लाविलेली असते, घरीं दिवा व पुस्तक असतें. तेव्हां हें अंतर शाळेनें पाडलें कीं घरानें? दुसरें असें कीं, फी घेणाऱ्या शाळांतही शंभरांतील चाळीस मुलें पांचवींत येऊन दुसरीचें पुस्तक वाचूं शकत नाहींत. फी भरणाऱ्या आईबापांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

शाळेचें श्रेय कोणतें आणि घराचें कोणतें, हें वेगळें करून पाहण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारीं, त्या वेळच्या अविभक्त आंध्र प्रदेशांत, २००८ सालापासून झाला. १८० खेडीं घेण्यांत आलीं. कांहीं सरकारी शाळांतील मुलांस खाजगी शाळेची फी देऊं केली, आणि ती कोणास मिळावी हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें. त्यामुळें दोन्हीकडे सारख्याच परिस्थितीचीं घरें राहिलीं. चार वर्षांनीं परीक्षा घेतली. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनीं २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा: तेलुगू व गणित ह्या विषयांत खाजगी शाळेंत गेलेलीं मुलें व सरकारी शाळेंत राहिलेलीं मुलें ह्यांत फरक दिसला नाहीं. हिंदी मात्र खाजगी शाळेंत चांगलें आलें. कारण तेथें हिंदीस तास होता.

हा निष्कर्ष सांगतांना अर्धाच सांगणें बरें नव्हे. त्या खाजगी शाळांतील शिक्षकांचें प्रशिक्षण कमी व पगार तर फारच कमी होता. तरी ते वर्गावर अधिक नियमितपणें हजर असत, आणि सरकारी शाळेच्या मानानें एका मुलामागें तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी खर्चांत ती शाळा चालत असे. तेलुगू व गणितास कमी तास देऊनही त्यांनीं तेवढेंच पदरांत पाडलें. म्हणजे सरकारी शाळेंतील गुरुजींनीं ह्या प्रयोगाकडे बोट दाखवून निश्चिंत बसावें, असें त्यांत कांहीं नाहीं. आईबापांनीं मात्र त्यांतील आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. जीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांत गेलीं, त्यांची इतर विषयांत पीछेहाट झाल्याचीं चिन्हें दिसलीं. तेलुगू माध्यमाच्या खाजगी शाळांत तसें दिसलें नाहीं.

माझ्या मतें खरा प्रश्न येथें आहे. बहुतेक आईबाप खाजगी शाळा विकत घेत नाहींत, ते इंग्रजी विकत घेतात. त्यांचा हा मोह मी हंसण्यावारी नेणार नाहीं. कचेरींतील अर्ज, बँकेचें पुस्तक, औषधाची चिठ्ठी, सर्व इंग्रजींत असलेलें ज्यानें पाहिलें आहे, आणि प्रत्येक वेळीं दुसऱ्याचें तोंड पहावें लागलें आहे, त्यास आपल्या मुलानें तरी तसें लाचार होऊं नये असें वाटणें अगदीं साहजिक आहे. पण इंग्रजी शिकणें आणि इंग्रजींतून शिकणें ह्या दोन गोष्टी आहेत. ज्या घरांत इंग्रजीचा एक शब्द कोणी बोलत नाहीं, आणि ज्या शाळेंतील बाईंनाही तें नीट बोलतां येत नाहीं, तेथें मूल इंग्रजींतून शिकत नाहीं, तें इंग्रजी घोकतें. काटोलकडच्या बागेंत वाढलेलें मूल 'ओ फॉर ऑरेंज' खणखणीत म्हणून दाखवितें. पण व्यापाऱ्यानें दिलेल्या पावतीवरील वजन व भाव ह्यांचा गुणाकार करून पाहा म्हटलें कीं गप्प राहतें. बापास वाटतें, मूल लाजलें. तें लाजलेलें नसतें. त्यास गुणाकार म्हणजे काय हें कोणी त्याच्या भाषेंत सांगितलेलेंच नसतें. भागाकार, अपूर्णांक, पाण्याची वाफ होणें, ह्या कल्पना मुलास आधीं आईच्या बोलींत समजाव्या लागतात. एकदां समजल्या म्हणजे त्यांस इंग्रजी नांवें द्यावयास वेळ लागत नाहीं.

आणि इंग्रजी काय फक्त खाजगी शाळेंतच आहे? महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविलें जातें. कित्येक जिल्हा परिषद व अनुदानित शाळांत सेमी-इंग्रजीची सोय आहे. तींत गणित व विज्ञान इंग्रजींत आणि बाकीचे विषय मराठींत असतात. नागपूर महानगरपालिकेनेंही अलीकडच्या वर्षांत आकांक्षा फाउंडेशनच्या साह्यानें शहरांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या आहेत. मराठी पक्की करून मग सेमी-इंग्रजी, ही मधली वाट खेड्यांतील घरास सर्वांत मानवेल असें मला वाटतें; अर्थात् शिकविणारा गुरुजी त्या इंग्रजीस पुरा पडत असेल तर.

तेव्हां शाळा निवडतांना फाटक व फलक न पाहतां कांहीं गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्या. आईबाप निरक्षर असले तरी हें त्यांस करतां येतें. तिसरीच्या कोणत्याही एका मुलास जवळ बोलावून पुस्तक उघडावें व वाच म्हणावें. मग पुस्तक मिटून, काय वाचलेंस तें सांग, म्हणून विचारावें. मूल आपल्या शब्दांत सांगूं लागलें तर त्या शाळेंत शिकवणें होत आहे असें समजावें. वह्या मागून घ्याव्या. सर्व मुलांच्या वह्यांत अक्षरन् अक्षर सारखें असेल तर तें फळ्यावरून उतरविलेलें आहे. चुका असतील आणि त्या तांबड्या शाईनें दुरुस्त केलेल्या असतील, तर ती वही चांगली. मुलींचें स्वच्छतागृह उघडें आहे कीं कुलूपबंद, तेंही पाहून यावें. शाळेस मान्यता आहे काय, हें तर प्रथमच विचारावें. मान्यतेवांचून शाळा चालविणें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें गुन्हा आहे. प्रवेशासाठीं मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेणें अगर देणगी मागणें ह्यासही त्याच कायद्याची मनाई आहे.

आतां पैसा. पहिलीची फी भरतां येईल काय, असा हिशेब करून चालत नाहीं; दहावीची भरतां येईल काय, असा करावा लागतो. फीच्या जोडीस गाडी, गणवेश, पुस्तकें, वह्या, स्नेहसंमेलन आणि पुढें शिकवणी. जिल्हा परिषदेच्या शाळेंत पुस्तकें, गणवेश व दुपारचें जेवण मिळतें तें सुटतें, तेंही ह्याच बाजूस मांडावें. एखादें वर्ष बोंडअळीचें किंवा गारपिटीचें गेलें म्हणजे फी थकते, दाखला अडतो, आणि चौथी-पांचवींत मूल काढून पुनः गांवच्या शाळेंत आणावें लागतें. तें तोंवर मराठी वाचावयास शिकलेलें नसतें, आणि इंग्रजी तर त्यास आलेलीच नसते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्याची गत होते. कर्ज काढून अशा शाळेंत घालूं नये, हें माझें स्पष्ट मत आहे. ज्याच्या घरीं बाराही महिने पगार येतो त्याची गोष्ट निराळी.

आणि ह्याच हिशेबाच्या पोटीं एक अन्याय आपल्या घरांत शिरला आहे, त्याविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. दोघांची फी झेपत नाहीं, म्हणून मुलगा कॉन्व्हेंटांत जातो आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेंत. सकाळीं एकाच ओसरीवरून दोघें निघतात. एकाच्या पायांत बूट, एकीच्या चपला. आईबाप म्हणतात, पुढें तिला परक्या घरीं जावयाचें. मी येथें शाळेस दोष देत नाहीं. मुलगी कदाचित् भावाहून चांगलें शिकतही असेल, आणि तसें पुष्कळदां दिसून येतें. पण आपली किंमत घरानें किती ठरविली, हें ती रोज सकाळीं त्या पिवळ्या गाडीकडे पाहून शिकते. सावित्रीबाई व जोतीराव यांनीं १८४८ सालीं पुण्याच्या भिडेवाड्यांत मुलींची शाळा उघडली, त्यास पावणेदोनशें वर्षें उलटून गेलीं. दोघांस झेपेल तीच शाळा दोघांसाठीं निवडावी. एकाच्या फीचे पैसे दोघांच्या पुस्तकांस, दिव्यास व दुधास लावावे; तें दोघांच्याही अंगीं लागेल.

गरीब घरास खाजगी शाळेचें दार कायद्यानें थोडें उघडून दिलें आहे, तें सांगितलें पाहिजे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणें विनाअनुदानित खाजगी शाळांनीं पहिल्या प्रवेशवर्गांतील शेंकडा २५ जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांस विनाशुल्क द्यावयाच्या, व त्याबद्दल सरकारनें शाळेस भरपाई करावयाची. आपल्या राज्यांत त्याचे अर्ज संगणकावरून भरतात व सोडतीनें नांवें निघतात. आर्थिक दुर्बल घटकासाठीं कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आंत असावें लागतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें सरकारनें नियम बदलून, एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेस ह्या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें तो नियम रद्द केला. ह्या जागेसाठीं अर्ज अवश्य करावा. मात्र ही सवलत आठवीपर्यंतच आहे, नववीची फी घरची, हें आधींच ध्यानांत असावें.

अल्पसंख्याकांच्या शाळांस मात्र हें कलम लागूं नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं तसा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं त्या निर्णयाविषयीं शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठविला. म्हणजे ज्या ख्रिस्ती संस्थांच्या शाळांपुढें नागपुरांत प्रवेशासाठीं रांगा लागतात, त्यांवर गरिबांच्या जागांचें बंधन ह्या कलमानें आलेलें नाहीं. आपल्या संस्थांचा कारभार आपल्या हातीं राहावा, म्हणून ही सूट मोलाची आहे, हें मी जाणतों. तथापि जी शाळा मुळांत दार नाकारलेल्यांसाठीं निघाली, तिच्या चालकांनीं कायद्याची वाट न पाहतां कांहीं जागा आपण होऊन खेड्यांतील मंडळ्यांच्या गरीब लेंकरांसाठीं का ठेवूं नयेत? त्या जागा आपल्याच लोकांपुरत्या नसाव्या, असेंही माझें म्हणणें आहे.

सरकारी शाळेंत मुलाचा विश्वास ढळेल, अशी भीति कित्येक आईबाप बोलून दाखवितात. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणें सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेंतील कोणत्याही मुलास आईबापांच्या संमतीवांचून धर्मशिक्षणांत किंवा उपासनेंत भाग घ्यावयास लावतां येत नाहीं. हें संरक्षण आपल्या मुलांस इतरांच्या शाळेंत आहे, तसेंच इतरांच्या मुलांस आपल्या शाळेंत आहे. बाकी प्रार्थना शिकविण्याचें काम घरचें व शब्बाथशाळेचें. तें फी देऊन दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं.

गांवची शाळा सोडतांना कांहीं दारें आपण आपल्या हातानें लावून घेतों, तीं पुष्कळांस ठाऊक नसतात. जवाहर नवोदय विद्यालयें पाहा. १९८५-८६ मध्यें देशांत पहिलीं दोनच निघालीं. एक हरयाणांतील झज्जर येथें व दुसरें आपल्या अमरावतीस. नागपूर जिल्ह्याचें विद्यालय पारशिवनी तालुक्यांत नवेगांव खैरीस आहे. सहावीपासून निवास, भोजन व शिक्षण सरकारी खर्चानें. नववीपासून थोडी रक्कम घेतात, पण तीही मुलींस माफ. ह्यांतील निदान शेंकडा ७५ जागा ग्रामीण मुलांच्या असतात. पण ग्रामीण कोणास म्हणावें? तिसरी, चौथी व पांचवी हीं तिन्ही वर्षें ज्यानें ग्रामीण भागांतील शाळेंत काढलीं त्यास. त्या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरी हद्दींतील शाळेंत शिकलें, तरी तें शहरी गणलें जातें. तालुक्याचें गांव नगरपरिषदेचें असेल, तर पिवळ्या गाडीनें तेथें जाणारें आपलें मूल खेड्यांत निजत असलें तरी ह्या जागांस मुकतें.

दुसरें दार आठवीच्या परीक्षेचें. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ति म्हणून जी आहे, तींत उत्तीर्ण होऊन निवडलेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत असावें लागतें, आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेंत असावें लागतें. विनाअनुदानित शाळेंतील मुलास ती नाहीं. मुख्याध्यापक अर्ज भरावयास विसरले तर मुलाचें एक संधीचें वर्ष जातें. म्हणून आईबापांनीं सातवीचा निकाल लागतांच ह्याची आठवण द्यावी.

इतकें लिहिलें म्हणून गांवची शाळा निर्दोष आहे असें कोणी समजूं नये. साठपर्यंत मुलें असलेल्या प्राथमिक शाळेस कायद्यानें दोन शिक्षक मिळतात. इयत्ता चार किंवा पांच आणि शिक्षक दोन. त्यांतला एक बैठकीस किंवा निवडणुकीच्या कामास गेला, म्हणजे दुसऱ्यानें पाटीवर काय लिहावें व कोणास शांत बसवावें? कोठें गुरुजी शहरांतून येतात व शेवटच्या बसकडे डोळे लावून बसतात. अशा शाळेंत मूल वर्षभर वाचावयास शिकत नसेल, सांगूनही सुधारणा होत नसेल, आणि जवळ खरोखर चांगली शाळा झेपण्याजोगी असेल, तर तेथें न्यावें. त्यांत गांवाशीं द्रोह नाहीं. पण उलटीं उदाहरणेंही आहेत. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० सालीं दहा लाख डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर शिक्षकांस वाटून दिली. इमारत तशीच लहान, गांव तसेंच लहान.

ऐपतीचीं घरें एकएक करून निघून गेलीं म्हणजे मात्र शाळेचें काय होतें, तें आपण पाहिलेलें आहे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षां कमी पट असलेल्या सुमारें १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारनें घेतला होता. शाळा बंद झाली तर ज्याच्या घरीं गाडीस पैसे आहेत त्याचें कांहीं अडत नाहीं. अडतें तें मजुरी करणाऱ्या विधवेच्या मुलीचें. कारण दुसऱ्या गांवच्या शाळेंत रानांतून एकटी पाठविण्यापेक्षां आई तिला घरीं ठेविते.

जिल्हा परिषदेच्या शाळेंत आईबापांस एक अधिकार आहे, जो फी भरून मिळत नाहीं. शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें प्रत्येक अशा शाळेस शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद आईबाप असावे लागतात, व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या विकासाचा आराखडा करणें, आलेला पैसा कसा खर्च होतो तें पाहणें, हें तिचें काम. पुष्कळ गांवीं ही समिती कागदावर असते आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. आपल्या मंडळींतील दोन आया व एक बाप जरी तिच्यांत बसले, आणि दर सभेंत एवढेंच विचारूं लागले कीं, गेल्या महिन्यांत गुरुजी किती दिवस वर्गावर होते व तिसरीचीं किती मुलें वाचूं लागलीं, तरी पुष्कळ फरक पडतो. निवड पालकसभेंत होते. तिची नोटीस शाळेच्या फळ्यावर लागते कीं नाहीं, तें मुलासच रोज पाहून यावयास सांगावें. सभेची वेळ दुपारची असेल तर ती सायंकाळीं ठेवावी, ही मागणी पहिल्याच बैठकींत लिहून द्यावी. वेचणीस गेलेल्या आईस दुपारीं दोन वाजतां शाळेंत येणें जमत नाहीं.